दुसरा हप्ता अडकलाय आणि गुरुजींच्या पत्रावर संस्थेचा शिक्का मागतायत? माझा अनुभव

तुझी पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. शास्त्रीय गाण्याच्या तालमीसाठी शिष्यवृत्तीला निवड झाली, पहिला हप्ता आला, दुसऱ्यासाठी सहामाही अहवाल पाठवला आणि आता ऑफिसवाले म्हणतायत की गुरुजींचं नुसतं पत्र चालणार नाही, संस्थेच्या लेटरहेडवर शिक्क्यानिशी आणा. आणि गुरुजी शिकवतात घरी, संस्था आणायची कुठून. डिट्टो हेच माझ्याबरोबर झालंय. माझी शिष्यवृत्ती कुठली आणि ऑफिस कुठलं ते इथे लिहीत नाही. काही वर्षं झालीत त्याला, नियम बदललेले असू शकतात, त्यामुळे तुझ्या वर्षीचं माहितीपत्रक काय म्हणतं तेच खरं धर.

फॉर्म, दाखले, मुलाखत हे सगळं पार करून तू इथवर आलीस, त्यात जात नाही.

आमचे गुरुजी एका पैशाची फी घेत नव्हते. सकाळी खर्ज म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मग पलटे म्हणजे सुरांच्या उलटसुलट रचना, मग जो राग चालू असेल तो, असं वर्षानुवर्षं. अहवालासाठी त्यांनी रेघांच्या कागदावर निळ्या शाईने लिहून दिलं होतं की ही माझ्याकडे नियमित शिकते, सध्या मारवा राग चालू आहे, त्यातला रिषभ (रे) अजून जागेवर बसायचाय, तानेत घाई करते ती कमी झाली पाहिजे. कुठल्याही मार्कशीटपेक्षा खरा अहवाल होता तो. टेबलावरच्या माणसाने तो कागद उलटा करून मागे शिक्का आहे का बघितलं, नाही म्हटल्यावर वाचलासुद्धा नाही, परत सरकवला. पुढच्या वेळी फीच्या पावत्या मागितल्या. फी घेतच नाहीत म्हटलं तर म्हणाले मग शिकवतात याला पुरावा काय. त्याच्या पुढच्या खेपेला हजेरीपत्रक. दर वेळी नवीन काहीतरी, आणि लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगमध्ये. पोस्टाने पाठवलेला अहवाल तर आमच्याकडे आलाच नाही म्हणाले, आणि पोच नसल्यामुळे मला काही बोलताही येईना.

हप्ता सुटेपर्यंत वर्षाच्या वर गेलं. पैसे शेवटी मिळाले गं, पण मधल्या काळात खोलीचं भाडं द्यायचं म्हणून मी लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या, कोरसला उभी राहिले, मिळेल त्या कार्यक्रमात भावगीतं गायले. त्यात कमीपणा काही नाही, पण रात्री उशिरा आल्यावर सकाळी खर्ज लागत नाही. आवाज तयार व्हायच्या वयातला तो रियाज गेला तो गेला, तो काही एरियर्समध्ये मिळत नाही. शिष्यवृत्ती दिलीच कशासाठी, मुलीने पोटापाण्याची चिंता न करता बसून गावं म्हणून ना? मग कागदाला शिक्का नाही म्हणून तिला त्याच चिंतेत ढकलायचं हे मला आजही पटत नाही. आणि सगळ्यात लागलं ते म्हणजे गुरुजी स्वतः म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर, सांगतो त्यांना. त्या वयात, गुडघे दुखत असताना, मी शिकवतो हो हिला असं सांगायला ते जिने चढणार! मी त्यांना जाऊ दिलं नाही. तूही नेऊ नकोस.

तुझ्या पोस्टखाली एक-दोघांनी लिहिलंय की ओळखीच्या क्लासकडून शिक्का मारून घे, विषय संपव. कृपा करून असलं काही करू नकोस. एक तर ते खोटं आहे. दुसरं, अर्जात गुरुजींचं नाव आणि अहवालावर भलत्याच क्लासचं, की उद्या गुरू बदलला, परवानगी का नाही घेतली म्हणून नवीनच त्रांगडं उभं राहील. आणि ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव कागदावरून पुसायचं, हे मला तरी झालं नसतं.

माझं काम झालं ते असं. माहितीपत्रक परत शब्द न् शब्द वाचलं. बहुतेक ठिकाणी गुरू किंवा संस्था असंच लिहिलेलं असतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती घे, तिच्यातही गुरू किंवा संस्थेकडे किमान 5 वर्षं तालीम झालेली हवी अशीच अट आहे. तुझ्या पत्रकातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून एक पानी अर्ज कर, की नियमाप्रमाणे गुरूंचं पत्र जोडलंय, ते ग्राह्य नसेल तर कुठल्या नियमाने ते लेखी कळवा. टेबलावर देऊ नकोस, आवक विभागात दे आणि तुझ्या प्रतीवर तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. गाव लांब असेल तर स्पीड पोस्ट, आणि डिलिव्हरीचा प्रिंट काढून ठेव. महिनाभर ताकास तूर लागू दिली नाही तर सरळ आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाक. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात का अडवलं, कोण जबाबदार असली भांडणं नकोत. माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कुणाकडे आहे आणि त्यावरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या, एवढंच माग. माझ्या फाइलवर शिक्का हवा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! नुसतं तोंडी चाललं होतं सगळं. प्रती हातात आल्यावर मात्र हप्ता सुटायला फार वेळ लागला नाही. तुझ्याकडे तसंच होईल अशी गॅरंटी मी देत नाही, पण लेखी मागितल्याशिवाय हलणार नाही हे नक्की.

बाकी तू विचारलंयस की जोडीला अजून कुठे अर्ज करू का. अटी बघून कर. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेच्या हिंदुस्थानी संगीताच्या शिष्यवृत्तीत त्याच काळात दुसरी शिष्यवृत्ती चालू नसावी अशी अट असते, म्हणजे ही चालू असताना ती नाही. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी फार मोठी जागा आहे, पण तिथे राहून तिथल्या गुरूंकडे शिकायचं असतं, त्यामुळे तो पैशाचा नाही, गुरूचा निर्णय आहे, आणि तो गुरुजींशी बोलल्याशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत. आणि 25 नंतर मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप आहे म्हणून जे कुणी सांगतात, ती महिना 10,000 असली तरी संशोधनाच्या प्रकल्पासाठी आहे, तालमीसाठी नाही. पुढची दोन वर्षं रियाज चालू ठेवायला मिळतील म्हणून तिच्यावर विसंबून राहू नकोस.

अजून एक, कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. महिना 5,000 म्हणतात पण मंत्रालयाच्या त्या शिष्यवृत्तीत ते महिन्याला येत नाहीत, सहामाही हप्त्यात एकदम 30,000 असे येतात, तेही अहवाल मान्य झाल्यावर. त्यामुळे पुण्यातल्या खोलीचं भाडं त्यावर धरू नये. पहिला हप्ता आला की त्यातला निम्मा तरी बाजूला ठेवावा, दुसरा उशिरा येणार असं गृहीत धरून.

आणि बँकेत जाऊन एकदा बघ, खातं आधारला लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे यायला सीडिंग, म्हणजे आधारवर येणारे पैसे कुठल्या बँकेत जमा करायचे त्याची नोंद, असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत राहतं. घरच्यांनी दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी तुझं नवीन खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि आपण ऑफिसला फोन करत बसतो.

गुरुजींचं पत्र मात्र बदलू नकोस, जसं त्यांनी लिहिलंय तसंच परत जोड, फक्त खाली त्यांचा पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि कधीपासून शिकतेस ते वर्ष त्यांच्याच अक्षरात घे. अर्ज या आठवड्यातच देऊन टाक. आरटीआयचा मसुदा लागला तर इथे टाक, नाव-पत्ता काढून, मी बघून देते.