विचारा, सांगते : लेकरू आईच्या आधी कसं?

प्रश्न : माझी नात चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकते. कॉलेज १८५५चं आहे म्हणते. मुंबई विद्यापीठ तर १८५७चं! लेकरू आईच्या आधी कसं जन्मलं?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, नात बरोबर सांगतेय. मीही तिथलीच. सकाळचे तास उरकून फोर्टातल्या एका वकिलांकडे टायपिंगला पळायचे.

झालं असं, की मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे (हो, हायकोर्ट १८६२मध्ये आलं, त्याआधी इथे सुप्रीम कोर्टच होतं) मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२मध्ये विलायतेला परत निघाले. लोकांनी वर्गणी काढून ५,००० पौंडांची थैली जमवली. साहेब म्हणाले, मला नको, कायदा शिकवणारा प्राध्यापक नेमा. त्या पैशातून पेरी अध्यासन (म्हणजे पेरींच्या नावाची प्राध्यापकाची खुर्ची) उभं राहिलं आणि १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. ना स्वतःची इमारत, ना पदवी. विद्यापीठ आल्यावर १८६०मध्ये ते संलग्न झाले. म्हणजे आईने लेकरू दत्तक घेतलं म्हणा ना!

पेरींचं मला कौतुक आहे, पण एक राग आहेच. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांनी वरचं शिक्षण इंग्रजीतूनच हवं असा हट्ट धरला. मंडळातलेच नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस मराठीच्या बाजूने भांडले. साहेबांपुढे चाललं नाही. बत्तीस वर्षं वकिली केली, अजूनही इंग्रजी निकाल हातात घेऊन अशील विचारतो, "बाई, यात आपण जिंकलो का हरलो?" तेव्हा नाना हटकून आठवतात.

नातीला एक जरूर सांगा. डॉ. आंबेडकर १९२८मध्ये तिथे शिकवायला लागले, १९३५मध्ये प्राचार्य झाले आणि पेरी प्राध्यापकही. साहेबाच्या थैलीतल्या खुर्चीवर बाबासाहेब!

पुण्याच्या मुलांना मात्र एलएल.बी.साठी बरीच वर्षं मुंबईच गाठावी लागे. टिळकांचा लॉ क्लास होता, पण तो वकिलीच्या परीक्षेच्या तयारीचा. पुण्यात कॉलेज निघालं ते १९२४मध्ये, इंडियन लॉ सोसायटीचं. लॉ कॉलेज रोड त्यावरूनच. माझ्या नवऱ्याचं कॉलेज तेच, त्यामुळे कुणाचं कॉलेज थोर, हा वाद घरात अजून प्रलंबित आहे.