टूल नंतर, आधी फळा

टीमची कामं मांडायला जिरा (Jira) घेऊ की ट्रेलो (Trello), कुठलं सॉफ्टवेअर, हा तुझा प्रश्न सध्या बाजूला ठेव. चार जणांच्या टीमला नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये पांढरा फळा आणि चिकटचिठ्ठ्या पुरतात. तीन रकाने आख: करायचंय, चालू, झालं. खरी मेख मधल्या रकान्यात आहे. तिथे माणशी दोनच चिठ्ठ्या. तिसरी लावायची तर आधीची एक संपव. फळ्यावरच्या या पद्धतीला कानबान म्हणतात; तिचा जीव या मर्यादेत आहे, रंगीत कार्डांत नाही.

‘मोल्डचं (साच्याचं) बघणे’ असली चिठ्ठी नको. ‘झाकणाचं पहिलं सॅम्पल मोजून ड्रॉइंगशी ताडणे, शुक्रवारपर्यंत’ असं लिही आणि पुढे एकाचंच नाव टाक. दोघांची टाकलीस की दोघेही एकमेकांकडे बघतात.

स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीतली रोजची १५ मिनिटांची बैठक घे, पण उभ्याने. चहा नंतर! तिच्यातले दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे, मात्र मोल्डला लावू नकोस. स्टील एकदा कापलं की बदल महागात जातो. डिझाइन फ्रीज (डिझाइन पक्कं करणं), मोल्ड, चाचण्या यांचा गँट चार्ट, म्हणजे कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांत मांडणारा तक्ता, वेगळा ठेव, एक्सेलमध्येही चालतो. सातपूरचा टूलरूमवाला (मोल्ड बनवणारा) ‘परवा देतो’ म्हणाला तर तारीख मागून घे, आणि गणपती-दिवाळीचे दिवस आधीच वजा कर.

टीममधलं कोणी पुण्याहून काम करायला लागलं, की मग जिरा-ट्रेलोचं बघू.