मराठवाड्यात डोंगर आणि जुनं शहर एकाच सहलीत पाहायचं असेल तर कुठे जावं?

तुम्ही लातूरहून निघणार, दिवाळीनंतरचे तीन-चार दिवस हातात आहेत, सोबत आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. महाबळेश्वर-लोणावळ्याची गर्दी नको, पण डोंगरही हवा आणि जुनं शहरही, आणि ते आपल्या मराठवाड्यात जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. जमेल. माझं सांगणं एवढंच, की संभाजीनगर शहरात राहून रोज गाडीनं ये-जा करू नका. मुक्काम वेरूळ-खुलताबादच्या बाजूला वर डोंगरावरच ठेवा आणि जाताना एक रात्र अंबाजोगाईला थांबा.

आधी थंडीचं बोलू, म्हणजे तिथे पोचल्यावर मुलं हिरमुसणार नाहीत. म्हैसमाळला लोक कौतुकानं मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात. उंची हजार मीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे खऱ्या महाबळेश्वरपेक्षा कमीच. बोटिंग, स्ट्रॉबेरी, रात्री उशिरापर्यंत चालणारा बाजार यातलं तिथे काही नाही. मोकळं पठार आहे, गिरिजादेवीचं आणि बालाजीचं देऊळ आहे, आणि कड्याशी गेलं की खाली लांबवर पसरलेला मुलूख दिसतो. दिवाळीनंतर पहाटे स्वेटर लागतो, दुपारी ऊन चांगलंच चटकतं. गवत अजून उभं असतं, वाऱ्यानं सगळं पठार हलतं. मार्च ते जूनमध्ये मात्र मी कुणालाही इकडे पाठवणार नाही. काळा खडक तापला की संध्याकाळी उशिरापर्यंत निवत नाही.

तो काळा खडक हीच इकडची खरी गंमत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, भाकरींची चवड रचावी तसे. कुठला थर कठीण, कुठला भुसभुशीत. भुसभुशीत झिजला, कठीण तसाच राहिला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात. याच आडव्या, एकसंध थरांमुळे वेरूळ-अजिंठ्यासारखी लेणी कोरता आली, आणि देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा, कडा तासून उभा करता आला. मुलांना हे गाडीत आधीच सांगून ठेवा. मग ती प्रत्येक वळणावर थर मोजत बसतात, 'किती वेळ लागेल अजून' विचारत नाहीत.

देवगिरीला सकाळी सातच्या आसपास पायथ्याशी असा. दहानंतर चढ अंगावर येतो. बहुतेक लोक चांद मिनारापाशी फोटो काढतात, धापा टाकत बारादरीपर्यंत जातात आणि उतरतात. तुम्ही खालीच जास्त वेळ द्या. तटबंदीच्या एकामागून एक रांगा आणि दरवाजांची वळणं अशी ठेवलीत की हल्ला करणाऱ्याला कुठेच सरळ धाव घेता येऊ नये. दरवाजांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. पुढे हत्ती हौद, भारतमाता मंदिरातली खांबांची रांगच रांग, आणि मग बहमनी काळातला तो दोनशे फुटांच्या आसपास उंचीचा मिनार. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता. त्याच्या जवळच मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलंय, शिंगाचे वळसे बोटानं मोजता येतात इतके स्वच्छ.

त्याच्या पुढे खडकात खोदलेला खंदक आणि वर नुसता तासलेला कडा. पुलाच्या मध्यावर उभं राहून वर बघा. नैसर्गिक डोंगर कुठे संपतो आणि छिन्नीचं काम कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. पाल चढेल, माणूस नाही. वर जायला एकच वाट, तीही डोंगराच्या पोटातून: अंधारी. चढत जाणारं, वळणावळणाचं भुयार, पायऱ्या मुद्दाम लहान-मोठ्या, वटवाघळांचा वास नाकात बसणारा. आत थोडं थांबून सगळ्यांनी मोबाइलचे दिवे क्षणभर बंद करा. शत्रूची काय गत होत असेल ते मुलांना एका झटक्यात कळतं. वरच्या तोंडाशी जाळ करून धूर आत कोंडायची सोय होती. हा किल्ला थेट लढून घेणं फार अवघड होतं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय यादवाला वेढ्यानंच टेकीस आणलं. धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, ही गोष्ट तर इकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे आणली आणि काही वर्षांत परत नेली.

आई-वडिलांनी खंदकाच्या अलीकडे सावलीत बसावं, त्यांचं काही हुकत नाही. पण त्यांना एक आवर्जून सांगा. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडावर अधिकारी होते, आणि नाथ पैठणहून लहान वयात इथे गुरुगृही आले होते. माझ्या घरातली म्हातारी माणसं यादवांच्या नावानं गप्प बसतात, पण नाथांचं नाव निघालं की उठून चालायला लागतात.

उतरल्यावर रस्त्याकडेला पेरूच्या टोपल्या लागतात. दौलताबादचा पेरू घ्या, तिखट-मीठ लावून तिथेच खा.

वेरूळला दुपारी जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे तीननंतर ऊन आत शिरतं आणि सकाळी जी मूर्ती नुसती काळी दिसते तिच्या चेहऱ्यावर भाव दिसायला लागतात. एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नका. १०, १२, १६, २९ आणि ३२ एवढी नीट बघितलीत तरी पुष्कळ. १० नंबरमध्ये छताला दगडाच्याच बरगड्या कोरल्यात, लाकडी वाशांसारख्या हुबेहूब. १२ नंबर तीन मजली आहे, पोरं वर-खाली पळत राहतात.

१६ म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. हे देऊळ बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय. आधी शिखर, मग भिंती, शेवटी पाया. आत शिरण्याआधी बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. तिथून कळतं की केवढा डोंगर उपसून बाहेर टाकलाय. बाजूच्या उभ्या कड्यावर टिकावाचे तिरके घाव अजून ओळीनं दिसतात. कुठल्याही माहितीपटापेक्षा तो कडा जास्त सांगतो. मग खाली येऊन दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधा. पार्वती दचकून शंकराला बिलगलीय, आणि शंकरानं नुसता पाय दाबलाय. तिथून पोरांना ओढून काढावं लागेल.

वेरूळ गावाला मात्र लोक पाठ फिरवतात, ते करू नका. मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवरायांचे आजोबा, इथले. घृष्णेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, हे वडिलांना आधी सांगून ठेवा. जवळच अहिल्याबाईंनी दुरुस्त केलेली पायऱ्यांची दगडी बारव आहे. संध्याकाळी तिथे निवांत बसता येतं.

खुलताबाद वरच्या अंगाला, वेरूळपासून अगदी जवळ. तटबंदीचं जुनं गाव, सूफी दर्गे, औरंगजेबाची साधी उघडी कबर, गावाबाहेर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर. आणि त्याच गावात निजलेला भद्रा मारुती. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या दिवशी जा. एवढ्या छोट्या गावात एवढ्या काळांचे थर क्वचितच दिसतात. गावातला खाजा खाऊन बघा. तिथून म्हैसमाळ बारा-तेरा किलोमीटर. सूर्यास्त वरच बघा. राहायच्या सोयी मोजक्या आहेत, दिवाळीच्या आठवड्यात फोन करून पक्कं केल्याशिवाय निघू नका. वर जागा नाहीच मिळाली तर वेरूळला हॉटेलं आहेत.

संभाजीनगर शहराला अर्धा दिवस पुरे, पण तो अर्धा दिवस पाणचक्कीला द्या. बीबी का मकबरा बघाच, पण मुलांना खरी मजा पाणचक्कीत येते. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या बंद नळांतून शहरापर्यंत आणायचं, उंचावरून सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं, दर्ग्यातल्या यात्रेकरूंसाठी पीठ दळायला. हे पाणी खेळवायचं शास्त्र या शहरात मलिक अंबरनं रुजवलं. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच हे शहर, आणि त्याची नहर शतकानुशतकं शहराला पाणी पाजत होती. आजच्या टँकरच्या दिवसांत ते बघताना मला नेहमी वाटतं, आपण हे नुसतं पर्यटनस्थळ म्हणून का बघतो, शाळेत का शिकवत नाही! जेवायला, मांसाहार चालत असेल तर, नान-खलिया.

आता अंबाजोगाई. लातूरहून तुम्हाला दीड तासाच्या आत, वाटेतच. बालाघाटच्या डोंगरात वसलेलं गाव, हवा लातूरपेक्षा नक्कीच बरी. योगेश्वरीचं दर्शन घ्या, मग हत्तीखाना लेणी. खडकात खोदलेल्या मोकळ्या अंगणात दगडी हत्ती उभे आहेत आणि बहुतेक वेळा बघायला तुमच्याशिवाय कुणी नसतं. मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. पावसाळा संपता संपता तिथली झाडी आणि ओढा बघण्यासारखा. दासोपंतही इथलेच, ज्यांनी लांबच लांब पासोडीवर, कापडावर, ग्रंथ लिहिला. स्वामी रामानंद तीर्थांनी इथे शाळेत शिकवलं, मग निजामाविरुद्ध उभे राहिले. एवढं सगळं असूनही लातूरची माणसं अंबाजोगाईला फक्त नवस फेडायला जातात, याची मला खरंच हळहळ वाटते. याच दिवसांत रस्त्यावर सीताफळांचे ढीग असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. टोपली घ्या, पण कडक बघून घ्या, पिकलेली गाडीत टिकत नाहीत.

पुढे बीडकडे जाताना मांजरसुंब्याजवळ कपिलधार लागतं, संत मन्मथस्वामींचं स्थान, शेजारी धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा असते, तुमच्या तारखा त्याच्याशी भिडत नाहीत ना ते बघा.

अजिंठा? या सहलीत नको. वेरूळपासून उलट्या दिशेला, एक आख्खा दिवस मागतो, आणि अजिंठ्याची चित्रं घाईत बघायची नसतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर तिथे डोली मिळते, पण ते पुढच्या वेळी.

तीन दिवसांचे दोनच झाले तर उत्तरेला जाऊच नका, दक्षिणेला नळदुर्ग-तुळजापूर करा. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आडवा बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, १६१३ मधला, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नदी भरून वाहत असली की पाणी डोक्यावरून जातं, दोन बाजूंना नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि तुम्ही मधल्या सज्जात कोरडे उभे. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागतं. पाऊस चांगला झाला असेल तरच दिवाळीपर्यंत पाणी राहतं, म्हणून निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी विचारून घ्या. धबधबा नसला तरी उपळी बुरुजावर चढा, सगळा किल्ला आणि नदीचा वळसा नजरेत येतो. तिथून तुळजाभवानी, आणि वेळ असेल तर तेर. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारं नगर, गोरोबाकाकांचं गाव, तिथलं वस्तुसंग्रहालय मुलांसाठी फार चांगलं.

माहूर मला सर्वांत आवडतं. रेणुकेचा डोंगर, रामगड, सागाचं जंगल. पण लातूरहून ते लांब पडतं, त्याला वेगळी सुट्टी काढा.

आखणी अशी करा: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अंबाजोगाई, तिथेच रात्र. दुसऱ्या दिवशी लवकर निघून दुपारी शहरात पाणचक्की आणि मकबरा, रात्री वर मुक्कामाला. तिसऱ्या दिवशी सकाळी देवगिरी, दुपारी वेरूळ. चौथा दिवस मिळाला तर खुलताबाद आणि म्हैसमाळ निवांत, नाहीतर परतीआधी पहाटे म्हैसमाळ तेवढं उरकून घ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे तिसरा दिवस मंगळवार येणार नाही असं बघूनच निघा.