उरलेली पानं, फुटणारी शाई आणि एक फुली

(या वेळच्या पत्रांमधले निम्मे प्रश्न जुन्या वह्यांचे आहेत, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे.)

प्रश्न : नववीच्या वह्यांमधली कोरी पानं काढून मी रफ वही केली. स्टेपल मारलं तर पानं सुटतात आणि कव्हरचा पुठ्ठा आठ दिवसांत बाहेर वळतो. घरच्या घरी वही शिवता येईल का?
— दहावीत गेलेली वाचक, सातारा

येईल, पण पानं काढतानाच निम्मी फसगत होते. मधोमध पिना मारलेल्या वहीत पहिल्या पानाचा जोडीदार शेवटचं पान असतं, दुसऱ्याचा शेवटून दुसरं. आपण पुढून लिहीत जातो, म्हणून मागची कोरी पानं लिहिलेल्या पानांना जोडलेली राहतात. १०० पानी वही म्हणजे १०० पृष्ठं, म्हणजेच मधोमध दुमडलेले २५ कागद. त्यातली ४० पृष्ठं भरली असतील तर अगदी मधले ५ कागद पूर्ण कोरे मिळतात. ५० भरली असतील तर एकही नाही. म्हणून पानं ओढून फाडू नकोस. पिनांचे पाय चमच्याच्या दांड्यानं सरळ कर, पिना बाहेर काढ आणि कागद अख्खे सोडव.

ज्यांची एक बाजू लिहिलेली आहे, त्यांचं लिहिलेलं अर्ध कापताना घडीपासून दीड सेंटिमीटरची पट्टी राख. पट्टी असली की सुटं पानही घडीतून शिवता येतं. मात्र सगळीच पानं अशी असतील तर वही कण्याला जाड आणि कडेला पातळ होते. त्यावर उपाय म्हणजे पट्टीवर दुसरं सुटं पान चिकटवायचं. खळ फक्त पट्टीला, तीही पातळ लावायची.

एका गठ्ठ्यात ८ ते १० कागद घे. बाइंडर याला जुज म्हणतात. जास्त घेतले तर आतले कागद बाहेर सरकतात आणि कडेला पायऱ्या दिसतात. वहीची उंची २४ सेंटिमीटर धरू. घडीवर वरून २, ७, १२, १७ आणि २२ सेंटिमीटरवर खुणा कर. जुज एखाद्या जाड पुस्तकाच्या उघड्या घडीत ठेवून आतल्या बाजूनं सुईनं भोकं पाड. दाभण वापरलास तर भोक मोठं होतं आणि शिवण ढिली पडते. कव्हरलाही त्याच खुणांवर भोकं हवीत.

दोरा गोधडीचा घे, वहीच्या उंचीच्या तिप्पट म्हणजे ७२ सेंटिमीटर, आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढ. शिवताना क्रम असा : तिसऱ्या (मधल्या) भोकातून आतून बाहेर ये, आत ८ सेंटिमीटर शेपूट सोड. बाहेरून चौथ्यातून आत, पाचव्यातून बाहेर, परत चौथ्यातून आत. आता मधलं भोक ओलांडून दुसऱ्यातून बाहेर, पहिल्यातून आत, परत दुसऱ्यातून बाहेर आणि शेवटी तिसऱ्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला हे टोक ठेवून गाठ मार.

दोन चुका हमखास होतात. एक, एकाच भोकातून दुसऱ्यांदा जाताना सुई आधीच्या दोऱ्यात घुसते आणि मग दोरा आवळताच येत नाही. पहिला दोरा बोटानं बाजूला धर. दुसरी, दोरा कागदाच्या काटकोनात ओढला जातो आणि भोक फाटतं. ओढायचा तो नेहमी कण्याच्या रेषेत.

पुठ्ठा वळण्याचं कारण कागदाची दिशा. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला बसतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडवा फुगतो, लांबीत फारसा नाही. कार्डशीट हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघ. ज्या बाजूनं सहज वाकते, ती घडी कण्याला समांतर ठेव. याच कारणामुळे झेरॉक्सचा ए-४ कागद आडवा दुमडून केलेली ए-५ वही ताठर उघडते. तो कागद बहुधा लांबीच्या दिशेनं तंतू असलेला असतो आणि आपली घडी त्यांना छेद देते.

पुठ्ठ्यावर फक्त बाहेरून कागद चिकटवलास तर तो सुकताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतूनही तेवढाच कागद चिकटव, पुठ्ठा आणि पानं यांच्यामध्ये प्लास्टिक घाल आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेव. ताठ पुठ्ठ्यासाठी फेव्हिकॉल चांगला. पातळ कागदाला त्यानं सुरकुत्या पडतात, तिथं खळच बरी. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालव, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन मिश्रण पारदर्शक दिसायला लागलं की उतरव.

प्रश्न : वाढदिवसाला शाईपेन मिळालं. एका वहीत सुंदर उमटतं, दुसऱ्या वहीत शाई फुटते. पेन बदलून घ्यावं का?
— आठवीतला वाचक, नागपूर

पेन राहू दे. दोष दुसऱ्या वहीच्या कागदाचा आहे. कागदात शाई पटकन शोषली जाऊ नये म्हणून कारखान्यात त्याला एक प्रकारची खळ देतात. ती कमी पडली की शाई तंतूंमधून धावते आणि अक्षराला केस फुटतात. जाडीचा इथं थेट संबंध नाही, कारण जाड हातकागदावरही शाई फुटू शकते. दुकानात वही घेताना मागच्या पानाच्या कोपऱ्यात (विचारून!) एक ठिपका दे आणि दहापर्यंत मोज. ठिपक्याला पाय फुटले नाहीत तर वही घे. जुनी वही संपवायचीच असेल तर बारीक निब वापर. रुंद निब जास्त शाई सोडते. घामेजलेला तळवा टेकलेल्या जागी अक्षर मधेच तुटतं, तिथं हाताखाली टिपकागद ठेव.

प्रश्न : चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई शाईपेनात भरली. आता पेन चालत नाही.
— नववीतली वाचक, डोंबिवली

अशा शाईत लाख किंवा तसंच काही चिकट द्रव्य असतं. सुकल्यावर ते पाण्यात विरघळत नाही आणि निबखालच्या बारीक खाचा बुजवतं. पेन उघडून निबचा भाग कोमट पाण्यात रात्रभर ठेव, उकळत्या नको. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी आत ओढून बाहेर सोड, मग साध्या पाण्यानं तेच दहा-बारा वेळा कर. स्पिरिट वापरू नकोस, प्लास्टिक तडकू शकतं. एवढं करूनही सुटलं नाही तर ते पेन गेलं असं समज. ती शाई बोरू किंवा दौतीत बुडवायच्या निबसाठी असते.

प्रश्न : इंग्रजी कॅलिग्राफीच्या पेनानं ‘क’ आणि ‘र’ काढले की विचित्र दिसतात. हात चुकतो का?
— दहावीतला वाचक, मडगाव

हात ठीक आहे, पेनाची धार उलटी आहे. चपट्या टोकाची धार ज्या दिशेला, त्या दिशेनं ओढलेली रेघ बारीक येते आणि तिला छेदून ओढलेली जाड. कागदावर एक फुली काढ. इंग्रजीच्या पद्धतीनं डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारा पाय जाड येतो. देवनागरीला नेमकं उलट हवं : उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारा पाय जाड. सरळ टोकाच्या पेनानं तसं करायला मनगट अवघड वळवावं लागतं, म्हणून बोरूचं टोक तिरकं कापतात.

सरावाला आइस्क्रीमची चपटी काडी पुरेल. टोक तिरकं काप, पॉलिश पेपरवर घास, दुधाइतक्या पातळ पोस्टर कलरमध्ये बुडव आणि फुली काढ. उलट आली तर दुसऱ्या बाजूनं काप. ४५ अंशांत धरलंस तर काना आणि शिरोरेषा सारख्याच जाडीच्या येतात, हीच कोन तपासायची खूण. टोक ८ मिलिमीटरचं असेल तर शिरोरेषेपासून पाच पट, म्हणजे ४ सेंटिमीटरवर खालची रेघ आख. याहून कमी अंतरात ‘क्ष’ची पोटं बुजतात.

प्रश्न : मुलगी विज्ञानाच्या नोट्स सहा रंगांत काढते. शीर्षकाला अर्धा तास लागतो. रंग बंद करावेत का?
— एक आई, पुणे

बंद करू नका, रंगांचं काम बदलून द्या. ए-४ कार्डशीटचे आठ तुकडे केले की ७४ × १०५ मिलिमीटरची कार्डं मिळतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत उत्तर. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे घालून पाच कप्पे करायला सांगा. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा, चौथा आठवड्यातून एकदा आणि पाचवा पंधरवड्यानं. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये मांडली.

रंग विषयाला द्या, एका विषयाला एकच, तोही कार्डाच्या वरच्या कडेवर. एका कार्डावर ‘प्रकाशसंश्लेषण’ हा अख्खा धडा कोंबला तर पद्धत कोसळते, कारण अर्धं आठवलं तर ते बरोबर धरायचं की चूक, हे ठरत नाही. तिथं पाच कार्डं करायची. उत्तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही, एवढा नियम मात्र कडक पाळायला हवा.

प्रश्न : खळ टिकावी म्हणून बाइंडर मोरचूद घालतात. मी घालू का?
— सातवीतला वाचक, कोल्हापूर

नको, ते विषारी आहे आणि खळीत बोटं बुडतातच. लागेल तेवढीच कर, उरलेली झाकून फ्रिजमध्ये ठेव आणि तिसऱ्या दिवशी टाकून दे. डबीवर ‘खळ’ असं लिहायला विसरू नकोस.