घरी वाजवायला जुना गिटार अ‍ॅम्प : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे, पण अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) नाही. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा असून शेजारची भिंत सामायिक आहे. सात-आठ हजारांत जुना अ‍ॅम्प घ्यायचा विचार आहे. एकाच किमतीत 10 वॉटचा फेंडर आणि 40 वॉटचा भारतीय बनावटीचा अ‍ॅम्प मिळतोय. जास्त वॉटचा घेणं फायद्याचं नाही का? (एक पालक, पुणे)

घरासाठी नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही. 10 चे 20 वॉट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटावा इतका आवाज हवा असेल तर ताकद सुमारे दहापट लागते. दोन खोल्यांच्या घरात प्रत्यक्ष वापरात येतो तो एखादा वॉट, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. 40 वॉटच्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम मग कायम शून्य आणि एकच्या मध्येच अडकून राहतो. नॉब केसभर फिरवला की आवाज एकदम उसळतो, केसभर मागे घेतला की गायब होतो. रात्री नऊनंतर सराव करणाऱ्या मुलाला याचा फार त्रास होतो.

वॉटपेक्षा स्पीकरच्या आकाराकडे बघा. 6 इंची स्पीकरला जाड तारांचा भरीवपणा पेलत नाही. 8 इंचीला तो बऱ्यापैकी जमतो, आणि हळू आवाजातही फरक कळतो. फेंडर फ्रंटमन 10 जी हा 6 इंची आहे. शिकायला चालेल, पण त्यात रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, नाही. थोडे पैसे वाढवून त्याच कंपनीचा चॅम्पियन 20 मिळाला तर तो घ्यावा. त्यात 8 इंची स्पीकर, वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज, रिव्हर्ब, हेडफोनची सोय आणि मोबाइलवरचं गाणं लावून सोबत वाजवण्यासाठी ऑक्स इनपुट आहे. जागा फारच कमी असेल तर रोलंडचा मायक्रो क्यूब बघा. त्याचा स्पीकर 5 इंचीच आहे, पण अगदी हळू वाजवतानाही तो नीट बोलतो आणि 6 पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी सराव थांबत नाही. व्हॉक्सचा पाथफाइंडर 10 साधा आहे, पण त्याचा स्वच्छ आवाज ऐकण्यासारखा असतो.

स्ट्रेंजर किंवा पॅल्कोसारखे भारतीय अ‍ॅम्प पुष्कळदा गिटार, माइक आणि कीबोर्ड अशा तिन्हींना मिळून केलेले असतात. गणेशोत्सवात, गॅदरिंगला ते उपयोगी पडतात आणि दुरुस्तीही स्वस्तात होते. पण ज्याला फक्त घरी इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे, त्याला त्यातला डिस्टॉर्शनचा (रॉकमधला मुद्दाम फाटका केलेला) आवाज बहुधा समाधान देणार नाही.

जास्त वॉटचा असूनही घरात चालेल असा एक अपवाद आहे, बॉसचा काटाना 50. त्यात 50, 25 आणि अर्धा वॉट अशी ताकद बदलता येते आणि स्पीकर 12 इंची आहे. मात्र तो तुमच्या रकमेत बसेलच असं नाही.

प्रश्न : ऑनलाइन जाहिरात बघून अ‍ॅम्प बघायला जायचं आहे. विकणाऱ्याच्या घरी नेमकं काय तपासू? मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही. (एक वाचक, कल्याण)

फोनवरच सांगा, ‘मी येईपर्यंत अ‍ॅम्प सुरू करू नका.’ काही दोष थंड असतानाच दिसतात, तर काही अर्ध्या तासाने, अ‍ॅम्प तापल्यावर. आधीच तापलेला अ‍ॅम्प समोर ठेवला तर पहिल्या प्रकारचे दोष झाकले जातात.

सोबत स्वतःची गिटार, स्वतःची खात्रीची केबल, हेडफोन आणि टॉर्च न्या. केबल तर नक्कीच. नाहीतर खरखर अ‍ॅम्पची की त्यांच्या केबलची, यावर अर्धा तास जातो.

बंद असतानाच मागची बाजू बघा. व्होल्टेजचा आकडा वाचा, तो 220 ते 240 च्या दरम्यान हवा. स्क्रू गंजलेत का, त्यांच्या खाचा झिजल्यात का, ते बघा. खाचा झिजल्या असतील तर कुणीतरी पूर्वी उघडून काम केलंय, मग काय केलं ते विचारा. फ्यूज बाहेरून काढता येत असेल तर काढून बघा. फ्यूजऐवजी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला असेल तर तिथूनच परत फिरा. फ्यूज वारंवार का उडत होता, हे कुणी शोधलेलंच नसतं. नाक जवळ नेऊन वासही घ्या. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा उग्र वास वर्षानुवर्षं जात नाही.

मागून उघडा अ‍ॅम्प असेल तर स्पीकरच्या कोनवर (समोरच्या कागदी शंकूवर) दोन्ही बाजूंना बोटं टेकवून अगदी हलकेच, समान दाबाने आत ढकला. तो निःशब्द हलायला हवा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल चुंबकाला लागतेय, म्हणजे स्पीकर बदलावा लागेल. मल्टीमीटर असेल तर स्पीकरची एक वायर काढून मोजा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा साडेतीनच्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

आता सगळे नॉब शून्यावर ठेवून सुरू करा. छोटासा ‘टप’ आवाज चालतो. गिटार न जोडता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. ‘स्स्स’ असा आवाज, विशेषतः गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) जास्त असताना, प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये येतो. पण ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज येत असेल आणि तो व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच राहत असेल, तर दोष वीज पुरवणाऱ्या भागात आहे. 15-20 वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये तिथले मोठे कपॅसिटर सुकलेले असतात. हे काम होण्यासारखं आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे सुटे भाग मिळतात. पण मजुरी धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

नंतर गिटार जोडा आणि एकेक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवा. खरखर झाली तर घाबरू नका. धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवला की बहुधा जाते. मात्र एका ठरावीक जागी आवाज पूर्ण नाहीसा होत असेल तर आतला पट्टा झिजला आहे, तो पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) बदलावाच लागतो.

केबलची पिन जॅकमध्ये असताना हलकेच हलवून बघा. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये जॅक थेट सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो. केबलला पाय अडकून अडकून तिथला डाग तडकतो आणि आवाज येतो-जातो. दुरुस्ती सोपी, पण बोर्ड बाहेर काढावा लागतो.

हेडफोनचा जॅक बहुतेक लोक तपासतच नाहीत, आणि गोम नेमकी तिथे असते. हेडफोनची पिन आत गेली की एक बारीक पट्टी उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो. ती पट्टी दमटपणाने काळवंडली की हेडफोन काढल्यावरही स्पीकर मुका राहतो किंवा फाटका वाजतो. ‘स्पीकर गेलाय, म्हणून स्वस्तात देतोय’ अशा जाहिरातीमागे पुष्कळदा एवढंच असतं. पिन दहा वेळा आत-बाहेर करा. आवाज परत आला तर दोष कळला.

शेवटी सर्वांत जाड तार मोकळी छेडा आणि आवाज मध्यम ठेवून ऐका. काहीतरी थरथरलं तर पेटीवर, हँडलवर, मागच्या पट्टीवर हात दाबून बघा. हाताखाली थरथर थांबली तर स्क्रू ढिला आहे. थांबली नाही तर कोन फाटला आहे का ते टॉर्च लावून शोधा. एवढं झाल्यावर अर्धा तास वाजवत राहा, आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं घरी ज्या आवाजात वाजवणार आहात त्याच आवाजात. जोरात सगळेच अ‍ॅम्प बरे वाटतात. हळू आवाजात ज्याचा सूर मरत नाही तो घ्या.

प्रश्न : भाचा अमेरिकेहून कायमचा परत येतोय. त्याचा 15 वॉटचा अ‍ॅम्प मला देणार आहे. पिन बदलून इथे लावता येईल का? (एक वाचक, नाशिक)

नुसती पिन बदलून मुळीच लावू नका. तिथली वीज 120 व्होल्ट, आपली 230. नशीब असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल.

आधी मागची पट्टी वाचा. अ‍ॅम्प वेगळ्या अडॅप्टरवर चालत असेल आणि अडॅप्टरवर ‘100-240’ लिहिलं असेल तर काहीच करायला नको, पिनेचा जोड पुरेसा आहे. वीज थेट अ‍ॅम्पमध्येच जात असेल तर 230 चे 110 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या ‘15 वॉट’ या आकड्यावरून ठरवू नका. मागे छापलेला विजेचा खप बघा आणि त्याच्या दुपटीहून थोडा मोठा घ्या. खप 60 वॉट असेल तर 150 व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक) योग्य. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर वापरू नका. ते विजेची लहर कापतात, त्यामुळे अ‍ॅम्प गुरगुरतो आणि बिघडतो. ट्रान्सफॉर्मर घेताना त्याच्या दोन्ही टोकांना तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन आहे आणि ती आतून जोडलेली आहे, याची खात्री करून घ्या.

काही अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 230 ची वायर आधीपासून असते आणि जाणकार मेकॅनिक जोडणी बदलून देतो. तसं केलं तर फ्यूजही साधारण निम्म्या अँपिअरचा लागतो. फ्यूजवर आकड्याआधी ‘टी’ असेल तर तो सावकाश वितळणारा असतो. त्या जागी झटपट वितळणारा टाकला तर अ‍ॅम्प सुरू करतानाच उडत राहील.

प्रश्न : जुना अ‍ॅम्प घेतला. दुकानात ठीक होता, घरी आणल्यावर घूं घूं करतो. तारांना हात लावला की कमी होतं. फसवणूक झाली का? (एक वाचक, सोलापूर)

बहुधा नाही. केबल अ‍ॅम्पमधून काढा. आवाज थांबला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, घूं गिटारचा पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबकाचा भाग) पकडतोय. सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेला) पिकअप असलेल्या गिटारमध्ये हे होतंच. तारांना हात लावल्यावर कमी होणं हेही स्वाभाविक आहे. तारा अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे तुमचं शरीर अँटेनासारखं वागायचं थांबतं.

पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. अ‍ॅम्पपासून चार-पाच फूट लांब बसा आणि गिटारसह हळूहळू वळा. एका दिशेला आवाज अगदी कमी होईल, तिथेच खुर्ची ठेवा. फक्त लोडशेडिंगच्या वेळी गुरगुर होत असेल तर घरचा इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा, आहे. त्यावर अ‍ॅम्प लावू नये.

हात लावल्यावर घूं वाढत असेल किंवा तारांमधून हाताला झिणझिण्या येत असतील तर गोष्ट वेगळी. वाजवणं तिथेच थांबवा, मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि वायरमनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते. घूं कमी व्हावा म्हणून प्लगची जाड पिन कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

प्रश्न : माझी पिकअप असलेली अकूस्टिक गिटार आहे. हेच अ‍ॅम्प चालतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

चालतील, पण आवडणार नाहीत. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, आणि अकूस्टिकची चमक नेमकी तिथे असते. उरतो तो डबा वाजवल्यासारखा आवाज. तुम्ही जुना कीबोर्ड अ‍ॅम्प किंवा ट्विटर (बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असलेला छोटा पॉवर्ड स्पीकर शोधा. तोच माइकलाही वापरता येईल.

प्रश्न : 15 वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प चांगल्या किमतीत मिळतोय. घरासाठी घेऊ का? (एक वाचक, पणजी)

व्हॉल्व्हचा आवाज खरा खुलतो तो अ‍ॅम्प जरा दामटल्यावर, आणि 15 वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दामटला तर अख्ख्या इमारतीला ऐकू जातो. घरासाठी 4-5 वॉटचा, किंवा ताकद कमी करण्याचा स्विच असलेला बघा. व्हॉक्सच्या एसी 4 टीव्हीमध्ये 4, 1 आणि पाव वॉट असे टप्पे आहेत. व्हॉल्व्ह झिजतात, त्यांचा खर्च आधीच हिशेबात धरा. स्पीकर जोडलेला नसताना असा अ‍ॅम्प कधीही सुरू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत 300 व्होल्टच्या आसपास साठा शिल्लक असू शकतो.

प्रश्न : पावसाळ्यात अ‍ॅम्प कसा जपायचा? (एक वाचक, रत्नागिरी)

भिंतीपासून अर्धा फूट पुढे आणि जमिनीपासून वर, लाकडी स्टुलावर ठेवा. प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर पुरे. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास सुरू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. पेन्सिल सेल काढून ठेवा, ते पाझरले की हिरवट गंज थेट पट्ट्यांना खातो. जाळीच्या कापडावर पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि अ‍ॅम्प तासभर पंख्याखाली ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडू लागलं की सगळ्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-दहा वेळा आत-बाहेर करा.