विंग चुन या चिनी युद्धकलेतला ‘सिउ निम ताओ’ हा पहिला फॉर्म (हालचालींचा ठरलेला क्रम) सावकाश करावा की वेगात?

पहिला भाग अगदी सावकाश करा, पुढचे दोन नेहमीच्या गतीने. या फॉर्ममध्ये पाय एकाच जागी रोवलेले असतात, एकही पाऊल टाकायचं नसतं. म्हणून सगळं लक्ष हातांवर देता येतं. पहिल्या भागात तान साव (तळवा वर ठेवून पुढे नेलेला हात) आणि नंतर तीनदा फूक साव (मनगट वाकवून पुढे नेलेला हात) येतो. कोपर छातीच्या मध्यरेषेकडे ठेवून हात पुढे न्यायचा, खांदा मात्र सैल. घाई केली की खांदा उचलला जातो आणि कोपर बाहेर सरकतं. खरी मेहनत इथेच आहे! विंग चुनचे प्रसिद्ध गुरू इप मान यांनी निधनाच्या वर्षी, १९७२ मध्ये, हा फॉर्म कॅमेऱ्यासमोर केला होता. ते चित्रण जरूर पाहा. फक्त गुडघे जबरदस्तीने आत दाबू नका, दुखू लागले तर थांबा आणि शिक्षकांकडून पवित्रा तपासून घ्या.