कोरीवचित्र नव्हे, खादचित्र

प्रश्न असा आला आहे: डच चित्रकार रेम्ब्राँच्या १६३५ सालच्या पॅनकेकवालीच्या छापचित्राला मराठीत 'कोरीवचित्र' म्हणावं की 'खोदचित्र'? आणि पॅनकेकला 'धिरडं' म्हटलं तर चालेल का?

चित्रासाठीचे हे दोन्ही शब्द नकोत. बारीक रेघांचं जुनं काळंपांढरं चित्र दिसलं रे दिसलं, की त्याखाली 'कोरीवचित्र' ठोकून द्यायची साथच आली आहे. कोरीव काम वेरूळला असतं. 'खोदचित्र' शब्द चांगला आहे, पण तो एन्ग्रेव्हिंगचा. तिथे पोलादी हत्यार तळहातानं रेटून तांब्यात खरोखर चर पाडतात. पॅनकेकवाली ज्या तांब्याच्या पत्र्यावरून छापली, त्यावर असं खोदकाम झालेलं नाही. ते एचिंग आहे, म्हणजे त्यातल्या रेघा आम्लानं तांबं खाऊन उमटलेल्या.

आणि हा शब्द काय नामी आहे! इंग्रजांनी तो डच 'एट्सन'वरून घेतला, डचांनी जर्मन 'एट्झन'वरून. खाण्याला डच 'एटन' म्हणतात आणि जर्मन 'एसन'. मूळच्या 'ट'चं जर्मनमध्ये 'त्स' किंवा 'स' झालं, डचमध्ये 'ट' तसाच राहिला. म्हणजे 'एट्सन'मधला 'त्स'च चुगली करतो, की हा पाहुणा जर्मनीतून आलाय. कसबही तिथूनच आलं. १५००च्या सुमारास आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरनं चिलखतांवर नक्षी उठवायची युक्ती छापचित्रांसाठी वापरली. जुन्या जर्मनमध्ये या क्रियापदाचा अर्थ 'खायला घालणं'. आपलं जसं चरणे-चारणे, तसं त्यांचं एसन-एट्झन! तांबं आम्लाला चारायचं. मूळ धातूही आपल्या ओळखीचा: संस्कृतातला 'अद्', ज्यापासून 'अन्न' झालं. रस्त्यात बसून खाणं विकणाऱ्या म्हातारीचं चित्र, आणि त्या चित्रप्रकाराचं नाव अन्नाच्या भाऊबंदांतलं!

आपल्या परिभाषावाल्यांनी याचं 'अम्लरेखन' केलं. आम्ल कधीपासून रेघा ओढायला लागलं? रेघ सुई ओढते, तीसुद्धा पत्र्यावर फासलेल्या मेण-राळेच्या थरावर. मग पत्रा आम्लात सोडला, की जिथे थर खरवडलाय तेवढंच तांबं आम्ल खातं. रेखन सुईनं केलं आणि श्रेय लाटलं आम्लानं! मराठीला हे खाणं काही नवं नाही. तेजाब पत्रा खातं, गंज बिजागरी खातो, वाळवी चौकट खाते. म्हणून मी 'खादचित्र' म्हणतो. हिंदीत खाद म्हणजे खत, असा आक्षेप लगेच येईल. येऊ दे. 'त्याची खाद मोठी' हे मराठीच आहे.

फरक बघायचाच असेल तर भिंग घ्या. खोदलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते, खाल्लेली बहुधा बोथटच संपते. शिवाय मेणावर सुई अडत नाही. पॅनकेकवालीच्या पुढ्यातलं ते पोर बघा, कुत्र्याला घास मिळू नये म्हणून कसं अंग चोरून वळलंय! इतक्या झपाट्याच्या रेघा पोलाद रेटत काढून दाखवा. १६३२चा उंदरांचं विष विकणारा फेरीवालाही असाच: काठीवरच्या टोपलीला मेलेले उंदीर लोंबतायत, खांद्यावर एक जिवंत बसलाय, आणि दारातला म्हातारा तोंड फिरवून त्याला हातानं झिडकारतोय. त्यालाही कुणीतरी 'कोरीव' म्हणणार, हे ठरलेलंच.

धिरडं? खुशाल म्हणा.